तबकडीची मागची बाजू



आजचा विषय काहींना परका वाटेल. इंग्लंडात १९७६ च्या सुमारास ‘पंक’ नावाचे बंडखोर संगीत उसळले आणि त्याच्या पाठोपाठ, तो आरडाओरडा ओसरू लागताच, काही तरुण मंडळी त्याच बंडातून नवे नाद शोधू लागली. त्या संगीताला पुढे ‘पोस्ट-पंक’ म्हणू लागले. ‘सूझी अँड द बॅन्शीज’ हा त्यातला एक वाद्यवृंद. त्याच्या गाजलेल्या गाण्यांविषयी मला फारसे सांगायचे नाही; त्या गाण्यांच्या पाठीमागे जे दडले होते, त्याविषयी सांगायचे आहे.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना तबकडी माहीत आहे. तिला दोन बाजू असतात, हा कलेचा नियम नव्हे, वस्तूचा आहे. सात इंची तबकडीच्या पुढच्या बाजूवर रेडिओने वाजवावे, दुकानात खपावे असे गाणे असे. मागची बाजू कोरी सोडता येत नसे, म्हणून तिथे काहीतरी भरावे लागे. या ‘काहीतरी’कडे व्यापाऱ्याची नजर सैल असे. ज्या जागेकडून कुणाचीच अपेक्षा नाही, ती जागा कलावंताला अनायासे मिळाली. मागच्या बाजूच्या आकर्षणाचे मूळ मला इथे दिसते.

हा वाद्यवृंद जन्मला तोच मुळी तयारीवाचून. सप्टेंबर १९७६ मध्ये लंडनच्या ‘हंड्रेड क्लब’मध्ये ही मंडळी एकही गाणे बसविल्याशिवाय रंगमंचावर चढली आणि ख्रिस्ती प्रार्थनेचे शब्द घेऊन सुमारे वीस मिनिटे जे सुचेल ते वाजवीत राहिली. १९७८ मध्ये ‘हाँगकाँग गार्डन’ या पहिल्याच तबकडीने त्यांना लोकप्रियता दिली. लोकप्रियतेबरोबर बंधनही येते. मग ती पहिल्या रात्रीची बेफिकिरी गेली कुठे? ती मागच्या बाजूवर राहावयास गेली.

१९८० ची ‘क्रिस्टीन’ ही तबकडी घ्या. एकाच देहात अनेक व्यक्तिमत्त्वे वागविणाऱ्या एका अमेरिकन स्त्रीची हकीकत या गाण्यामागे आहे. पुढच्या बाजूवर ती सुरेल, आटोपशीर चालीत येते. तबकडी उलटा, म्हणजे ‘ईव्ह व्हाइट / ईव्ह ब्लॅक’ लागते. त्याच स्त्रीला वैद्यांनी आपल्या वृत्तांतात दिलेली ही नावे: एक सोशीक, दुसरी बेछूट. इथे गाण्याचा तोल सुटतो. गायिका गाता गाता किंचाळते. पुढची बाजू त्या दुःखाचे वर्णन करते, मागची ते भोगते. दोन्ही ऐकल्यावाचून विषय पुरा होत नाही.

दुसरे उदाहरण १९८३ चे. ‘डिअर प्रुडन्स’ हे बीटल्सचे गाणे, १९६८ मध्ये हृषीकेशच्या आश्रमात सुचलेले. बॅन्शीजनी ते नव्याने गायिले आणि इंग्लंडच्या खपाच्या यादीत ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्याच्या मागे ‘टॅटू’ होते: ढोलांचा संथ घाला आणि कुजबुजीइतका दबलेला आवाज. मात्र १९९६ मध्ये ब्रिस्टलच्या ‘ट्रिकी’ या संगीतकाराने आपल्या ‘निअरली गॉड’ या संग्रहाचा आरंभ याच गाण्याने केला. पुढच्या पिढीने वारसा घेतला तो मागच्या दाराने.

कधी मागची बाजूच पुढे येते. एका जुन्या ध्वनिमुद्रणातील पितळी वाद्यांचा व ढोलांचा तुकडा त्यांनी उलटा वाजवून पाहिला, कापला, जोडला आणि त्यावर नवे गाणे रचले. ते मुळात मागच्या बाजूसाठीच होते. ते ‘पीक-अ-बू’ १९८८ मध्ये पुढच्या बाजूवर आले आणि ‘बिलबोर्ड’ने अमेरिकेत नव्याने सुरू केलेल्या ‘मॉडर्न रॉक’ यादीत पहिलेच अग्रस्थान त्याला मिळाले.

यावर कुणी म्हणेल, मागच्या बाजूवर टाकाऊ मालच अधिक असतो. आणि तो आवडतो म्हणणे हा मूठभर रसिकांचा मिजासखोरपणा आहे. यातला पहिला भाग मला मान्य आहे. २००४ मध्ये या वाद्यवृंदाच्या मागच्या बाजूंचा ‘डाउनसाइड अप’ हा चार तबकड्यांचा संग्रह निघाला. त्यात काही गाणी अर्धवट आहेत, काही नुसते चाळे आहेत. पण जिथे फसण्याची मुभा नाही, तिथे ‘टॅटू’ही निपजत नाही. शेतात सगळेच बी उगवत नाही, म्हणून कुणी पेरणी थांबवीत नाही. आणि मिजाशीचे म्हणाल, तर तबकडी उलटावयास विद्वत्ता लागत नाही. उठून हात लावावा लागतो, एवढेच.

आपल्याकडे रियाज आहे, असेही कुणी म्हणेल. पण रियाज चार भिंतींच्या आत होतो. मागची बाजू हा लोकांच्या हाती दिलेला, तरीही लोकांच्या टाळ्यांवर न विसंबणारा प्रयोग आहे. त्या दोहोंमधली ही जागा दुर्मिळ आहे.

आज तबकड्या पुन्हा थोड्याफार निघतात. परंतु बहुतेक गाणी फोनवर ऐकली जातात आणि तिथे बाजू नाहीत. प्रत्येक गाणे पुढचेच असते आणि ते किती जणांनी ऐकले याचा आकडा त्याच्या कपाळावर लिहिलेला असतो. पूर्वी वस्तूच्या गरजेने जी मोकळीक फुकट मिळत होती, ती आता कुणीतरी जाणून राखावी लागेल. ते काम नुसत्या संगीतकारांचे नाही. मासिकाच्या संपादकाने, नाट्यसंस्थेने, शाळेने आणि आपल्यासारख्या श्रोत्यांनीही आपल्या व्यवहारात एक मागची बाजू ठेवली पाहिजे, जिथे हिशेब उशिरा मागितला जाईल. आणि कुणी तिथे काही ठेवले, तर ते उलटून पाहण्याचे कष्ट आपण घेतले पाहिजेत.