सुमंगलाची आई आणि आपल्या आया

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त बोर्ली पंचतन येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून मी माझ्या दोन शब्दांना सुरुवात करते.

मला विषय दिला आहे 'स्त्रिया आणि काव्य'. मी काही कवयित्री नाही, निवृत्त शिक्षिका आहे. पण माझ्या घरात एक कवयित्री होती. माझी आजी. कोंबडा आरवायच्या आधी ती जात्यावर बसायची. नाचणी दळता दळता तिच्या तोंडून ओव्या यायच्या. मुंबईला मिलमध्ये गेलेल्या लेकाच्या, माहेरच्या वाटेच्या आणि बाबासाहेबांच्या. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. पुढे मी शिकले, हातात पेन आलं, हजारो मुलांना शुद्धलेखन घातलं. पण आजीची एक ओवी काही उतरून घेतली नाही. ती गेली तेव्हा दाखल्यासाठी नाव विचारलं, तर तिचं नाव नेमकं काय हे सांगायला घरात दोघा-तिघांना विचारावं लागलं. सगळे तिला अमक्याची आय म्हणायचे. ही खंत माझ्या मनातून अजून जात नाही. आज बोलायला उभी राहिले ती त्याचसाठी.

बंधू-भगिनींनो, आपल्या तिपिटकात 'थेरीगाथा' नावाचा ग्रंथ आहे. त्यात भिक्खुणींची ७३ काव्यं आहेत. जगातल्या अगदी जुन्या स्त्रीकाव्यसंग्रहांपैकी हा एक. यात राजघराण्यातल्या बाया आहेत, तशी पुण्णिका नावाची पाणी भरणारी दासीही आहे. भर थंडीत पाप धुवायला नदीत उतरलेल्या ब्राह्मणाला ती विचारते, पाण्याने शुद्धी होत असेल तर मग बेडूक नि कासवंसुद्धा स्वर्गात जातील की! २० मार्च १९२७ ला ज्यांचे आजे-पणजे चवदार तळ्याच्या पाण्यासाठी महाडला चालत गेले, त्या आपल्या जिल्ह्याला पुण्णिकेचा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको.

याच थेरीगाथेत आणखी एक बाई आहे. मुसळाच्या कामातून सुटले, याचा आनंद तिने गायला आहे. तिची गाथा राहिली, पण नाव नाही राहिलं. ग्रंथ तिला म्हणतो सुमंगलमाता, म्हणजे सुमंगलाची आई. माझ्या आजीसारखीच.

आता धम्म जिथवर पोचला त्या जपानकडे चला. तिथे हजार वर्षांपूर्वी दरबारातल्या पुरुषांची विद्या चिनी भाषेत चालायची. बायका 'काना' या सोप्या लिपीत आपल्या बोलीत लिहू लागल्या. त्या अक्षरांना 'बायकांचा हात' असंच नाव होतं. त्याच अक्षरांत मुरासाकी शिकिबूने 'गेंजीची कथा' लिहिली. आज जपानी साहित्याचा तो मुकुटमणी आहे. पण मुरासाकी शिकिबू हे तिचं खरं नाव नव्हे, दरबारातलं संबोधन आहे. दुसरी एक मोठी कवयित्री इ.स. ९९५ च्या सुमारास वारली. आपल्या संसाराचं दुःख तिने रोजनिशीत आणि कवितांत लिहून ठेवलं. तिला जपान काय म्हणतो? 'मिचित्सुनाची आई'! पाहा, कुठे सुमंगल नि कुठे मिचित्सुना. बाईच्या नावाची गोष्ट दोन्हीकडे एकच. फरक एवढाच, की तिथे लिहून ठेवलं म्हणून हजार वर्षांनी आपण ते वाचू शकतो. पुढे रेंगेत्सु (१७९१–१८७५) नावाची भिक्खुणी झाली. ती मातीची भांडी घडवायची, त्यांवर आपल्याच कविता कोरायची आणि त्या विकून पोट भरायची. तिचं नाव आणि तिची कविता दोन्ही त्या मातीवर राहिली.

आपल्याकडे काय झालं? जनाबाई स्वतःला नामदेवाची दासी म्हणवते. सोयराबाई अभंगाखाली 'चोख्याची महारी' अशी नाममुद्रा घालते, आणि त्याच अभंगात देहाच्या विटाळाचा जाब देवाला विचारते. पुढे १८५४ साली सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह छापून आला, आणि पुस्तकावर बाईचं स्वतःचं नाव आलं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना वेगळं बोलावून उपदेश केला, मुलींना शिकवा म्हणून सांगितलं. त्या शिक्षणातूनच हिरा बनसोडे यांची 'फिर्याद' १९८४ साली आली, आणि ज्योती लांजेवारांनी राबणाऱ्या आईवर कविता लिहिली.

पण ज्या आईला अक्षर येत नव्हतं, तिच्या काव्याचं काय? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गाव टिपलं. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. विचार करा, माजलगावच्या बायांची ओवी राहिली, मग बोर्लीच्या बायांची का राहू नये?

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. पीठ गिरणीतून येतं, जातं पडवीत पालथं पडलंय. ओव्या येणाऱ्या म्हाताऱ्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. येत्या वर्षावासात ग्रंथवाचन झालं की शाळेतल्या मुला-मुलींनी एकेका आजीजवळ बसावं. मोबाईलवर आवाज घ्यावा, वहीत ओवी लिहावी. शब्द सुधारू नयेत, जशी बोलली तशी लिहावी. आणि वर तिचं नाव लिहावं. अमक्याची आय नको. तिचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव. ती वही विहाराच्या कपाटात राहू द्या. एखादी आजी म्हणेल, मला मेलीला काय येतंय? तिला सांगा, सुमंगलाच्या आईने पण मुसळाचीच गोष्ट सांगितली होती.

माझी आजी आता ओवी सांगायला यायची नाही. तुमच्या घरातली आजी अजून ओसरीवर बसली आहे. आज घरी गेल्यावर आधी तिला तिचं नाव विचारा.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते. नमो बुद्धाय! जयभीम!