खाणकामगाराने सुरू केलेला इतिहास-सप्ताह
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणीत हयात घालवलेला माणूस. आज मी अमेरिकेतल्या एका काळ्या खाणकामगाराविषयी बोलणार आहे. त्यांचं नाव कार्टर वुडसन. जन्म १८७५ चा. आईबाप गुलामगिरीतून सुटलेले. पोरगा कोळशाच्या खाणीत कामाला लागला. तिथल्या एका वयस्क कामगाराच्या घरी बाकीचे कामगार जमत. त्या गृहस्थाला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण तो वर्तमानपत्रं आणायचा आणि वुडसनकडून सगळ्यांसाठी मोठ्यानं वाचून घ्यायचा. एक वाचतो, दहा ऐकतात. गिरणी कामगारांना हे नवीन नाही.

वुडसन विसाव्या वर्षी हायस्कुलात गेले आणि १९१२ साली हार्वर्ड विद्यापीठाचे डॉक्टर झाले. त्यांनी पाहिलं की, शाळेच्या पुस्तकात काळा माणूस गुलाम म्हणून येतो, नाहीतर येतच नाही. ज्याचा इतिहास दुसरा लिहितो, त्याची किंमतही दुसराच ठरवतो. म्हणून १९१५ साली त्यांनी इतिहास संशोधनाची संस्था काढली आणि १९२६ पासून फेब्रुवारीत इतिहास-सप्ताह सुरू केला. अब्राहम लिंकन आणि स्वतः गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांच्या जयंत्या त्याच आठवड्यात येतात. १९७६ पासून तो सप्ताह महिनाभर पाळला जातो.

कोणी म्हणेल, जयंत्या करून पोट भरतं काय? तर मेम्फिस शहराचं ऐका. १९६८ च्या फेब्रुवारीत तिथं कचरा गाडीच्या यंत्रात चिरडून दोन काळे सफाई कामगार मेले. पावसापासून आडोसा म्हणून ते गाडीत शिरले होते. लिंकन जयंतीच्या दिवशी, १२ फेब्रुवारीला, सुमारे १३०० कामगार संपावर गेले. पुढे त्यांच्या हातातल्या फलकांवर एवढंच होतं: 'मी माणूस आहे.' त्यांच्या पाठिंब्याला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचा ४ एप्रिलला खून झाला. तरी कामगार हटले नाहीत. १६ एप्रिलला युनियनला मान्यता आणि पगारवाढ घेऊनच संप मिटला.

२०२० साली मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड मेला, तेव्हा तोच फलक पुन्हा रस्त्यावर आला. २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्यानं काळ्यांच्या इतिहासाचा नवा अभ्यासक्रम शाळांत येऊ दिला नाही. इतिहास निरुपद्रवी असता, तर तो अडवला कशाला असता?

गाण्याचंही तसंच. आपली पोरं आज मराठीत रॅप करतात. त्याचं मूळ १९७३ च्या सुमाराचं, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या गरीब वस्त्यांतलं. पोरांवर ओरडू नका. हे गाणं कुठून आलं, ते त्यांना सांगा.

बाबासाहेबांनी ही नाळ ओळखली होती. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मिळाव्यात, म्हणून १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तरही आलं. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतलं, तेही तिकडच्या ब्लॅक पँथरवरूनच.

म्हणून माझी एकच विनंती. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत प्रत्येक घरानं एक वही भरावी. आजोबा कुठल्या गावाहून आले, काय काम केलं, घरातली पहिली शिकलेली मुलगी कोण, हे म्हाताऱ्यांना विचारून लिहावं. म्हातारी माणसं आहेत तोवरच हे होईल.

जय भीम!