सोय कोणाची? कामगार, विवेक आणि कायदा
(नागपुरातील सभेत केलेले भाषण)



मालकाने कामगाराच्या धर्मभावनेची सोय पाहावी काय, हा प्रश्न आपणांस नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अशी सोय एके काळी पाहिली जात असे. मात्र ती आपली नव्हे. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा इतरांस चालत नसे. म्हणून जास्त मजुरीचे विणकाम खाते आपल्या माणसांस बंद राहिले. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय उघड मांडला. बलवानाच्या विटाळाची सोय झाली की दुर्बळाची भाकर जाते, हा त्यातील धडा होय.

आजचा कायदा निदान एका बाबतीत उलट दिशेने चालतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव ठरतो. अवाजवी बोजा न पडता करता येण्याजोगा आवश्यक बदल, म्हणजे वाजवी सोय. समजा, सरकारी खात्यातील वाहनचालकाची दृष्टी सेवेत असताना गेली. त्या कारणास्तव त्यास काढून टाकता येत नाही किंवा खालच्या पदावर उतरविता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते; ते नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पद निर्माण करावे लागते. खासगी आस्थापनेसही समान संधीचे धोरण जाहीर करणे बंधनकारक आहे.

धर्माचरणाबाबत मात्र भ्रमात राहू नका. संविधानाचा अनुच्छेद १६ सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करण्यास मनाई करतो आणि अनुच्छेद २५ सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देतो. परंतु ही बंधने मुख्यतः शासनावर आहेत. वंदनेसाठी वेळ किंवा रजा दिलीच पाहिजे, असे खासगी मालकास सांगणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. तेथे रजेचे नियम, स्थायी आदेश आणि कामगार संघटनेचा करार हीच आपली साधने.

दसऱ्यास कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. ज्याने बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्याने काय करावे? १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळातील तीन विद्यार्थ्यांचा न्याय केला. राष्ट्रगीताच्या वेळी ती मुले आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. म्हणून त्यांस शाळेतून काढले होते. न्यायालयाने ते रद्द ठरविले. त्यातील मार्ग आपणही घ्यावा: इतरांच्या पूजेत विघ्न आणू नये, पण हात जोडण्याची सक्ती सौम्य शब्दांत नाकारावी.

मागणी तोंडी करू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, प्रत घरी जपून ठेवा. दिव्यांगाने प्रमाणपत्र जोडावे. सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे आणि न्याय न मिळाल्यास राज्य आयुक्तांकडे दाद मागावी. ही याचना नव्हे. ज्या समाजाची भाकर दुसऱ्याच्या सोयीपायी गेली, त्याने आपल्यातील आंधळ्या-पांगळ्या बांधवाची सोय प्रथम मागितली पाहिजे.

जय भीम!