पोटनिवडणूक त्यांची, प्लॉट आपला
(उचगाव, ता. करवीर येथील सभेत आपल्या कार्यकर्त्याने केलेले भाषण. जानेवारी १९७९)



आम्ही डोंगरातली माणसं, उसाच्या गावात बोलायला आलो. इथंही चिकमगळूरचीच चर्चा. गेल्या नोव्हेंबरात तिथल्या खासदारानं जागा सोडली, इंदिराबाई उभ्या राहिल्या, सत्तर हजारांवर मतांनी निवडून आल्या. डिसेंबरात लोकसभेनं त्यांचं सदस्यत्व काढून तुरुंगात धाडलं. पेपरात रोज तेच. तिथल्या कॉफीच्या मळ्यातल्या मजुराला रोज किती मिळतो, हे आम्हाला कुठं वाचायला मिळालं नाही.

आपल्याकडंही असं घडलंय. १९५२ ला मुंबईत बाबासाहेब आंबेडकर आणि समाजवादी पुढारी अशोक मेहता जोडीनं उभे होते, दोघंही पडले. १९५४ ला भंडाऱ्यात पोटनिवडणूक लागली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात. धानाचा, तळ्यांचा, जंगलाचा मुलूख, गोंडांची गावं. मतदारसंघ दुहेरी: एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, मतदाराला मतं दोन. मेहता लोकसभेत गेले. बाबासाहेब राखीव जागेवर आठ हजारांहून जास्त मतांनी पडले. ज्या माणसानं घटना लिहिली, त्याला लोकसभेचं दार उघडलं नाही!

मेहतांचं पुढं काय झालं? १९५७ ला ते बिहारात मुझफ्फरपूरहून निवडून आले. मग नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष, मग काँग्रेसमध्ये, मग मंत्री. १९६७ ला पुन्हा भंडाऱ्यातूनच. माणूस विद्वान होता, त्याबद्दल वाद नाही. पण पुढाऱ्याला एक मतदारसंघ नाही तर दुसरा मिळतो. आपल्याला दुसरं जंगल कोण देणार?

आपला एकसाली प्लॉट बघा. दर साली नवा कागद, दर साली गार्डाचे पाय धरायचे. नाही धरले तर पेरलेलं मोडतात, वर दंड.

मत देऊ नका असं आम्ही म्हणत नाही. मत द्यायचंच. पण प्रचाराची जीप पाड्यावर आली की हार घालायच्या आधी विचारायचं, २७ डिसेंबरच्या जी. आर. चं काय करणार? सरकारनंच म्हटलंय, ३१ मार्च १९७८ पर्यंतची जंगलजमिनीवरची अतिक्रमणं नियमित करू. अतिक्रमण हा शब्द त्यांचा. आपण आजा-पणज्यापासून कसतोय. उत्तर तोंडी नको, सहीनं घ्यायचं.

आणि दंडाच्या पावत्या चुलीत घालू नका. दंड भरला म्हणजे जमीन तुम्ही कसत होता, हे खात्यानंच लिहून दिलंय. पत्र्याच्या डब्यात ठेवा, वाळवी लागू देऊ नका. पावती हरवली असेल त्यानंही नाव सांगावं, कोणत्या सालापासून कसतो ते आणि शेजारचे दोन साक्षीदार. पाड्या-पाड्याची यादी आम्ही लिहायला घेतलीय.

(टाळ्या)