जुन्या रायफलीची निगा



जुन्या लष्करी रायफलीची निगा हा विषय या व्यासपीठावर कशासाठी, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न रास्तच होईल. आपल्या देशात .३०३ बोअरची रायफल सामान्य परवान्यावर मिळत नाही. परंतु ब्रिटन, अमेरिका, कॅनडा या देशांत सरकारने मोडीत काढलेल्या रायफली लोक परवान्याच्या नियमांत राहून विकत घेतात आणि हौसेने नीट करतात. त्यांत हिंदुस्थानात घडलेल्या रायफलीही आहेत. जुनी वस्तू नीट करताना ती घडविणाऱ्याची खूण राखायची की पुसायची, हा त्या छंदातला खरा प्रश्न आहे. आणि म्हणूनच आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना त्यात रस वाटतो.

उदाहरणादाखल ली-एन्फील्ड घेऊ. तिचा बोल्ट आणि मॅगझीन यांची कल्पना जेम्स पॅरिस ली यांची. एन्फील्ड हे लंडनजवळचे कारखान्याचे गाव. १९०७ साली तिचा 'मार्क तीन' हा नमुना ब्रिटिश सैन्याने स्वीकारला. बंगालमधील ईशापूर येथे रायफलीचा कारखाना १९०४ साली निघाला आणि तेथे हीच रायफल घडू लागली. तिची काडतुसे आपल्या खडकीच्या कारखान्यात होत. बुडावर 'के' आणि 'एफ' ही अक्षरे असलेले काडतूस म्हणजे खडकीच्या कामगाराची सहीच होय.

आता कामाकडे वळू. प्रथम रायफल रिकामी आहे, याची स्वतः खात्री करायची. मॅगझीन काढायचे, बोल्ट काढायचा, नळीतून उजेड पाहायचा. कोठारात ठेवताना थापलेले घट्ट ग्रीस रॉकेलच्या चिंधीने उतरते. वरवरचा गंज तेल आणि बारीक तांब्याची लोकर यांनी हलक्या हाताने निघतो. पॉलिश कागद मात्र लावू नये. त्याने गंजाबरोबर कोरलेले आकडेही जातात. लाकडाचेही तसेच. ते रंधून गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा. मळ पुसावा आणि जवसाचे तेल तळहाताने पातळ चोळावे. एक हात वाळला की दुसरा द्यावा. ईशापूरच्या पुष्कळ रायफलींच्या पुढच्या लाकडात एक आडवा स्क्रू दिसतो. तो लाकूड फाटू नये म्हणून कारखान्यानेच बसविलेला आहे. नवशिका त्याला ठिगळ समजतो.

नळीची गोष्ट अधिक शिकण्यासारखी आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत बसते. हे एक प्रकारचे मीठच. ते हवेतली ओल ओढते आणि पोलाद खाते. तेलात मीठ विरघळत नाही, म्हणून नुसते तेल लावणाऱ्याची नळी तेलाखालीच गंजते. जुन्या शिपायांचा उपाय साधा होता: नळीत उकळते पाणी ओतायचे. मीठ वाहून जाते, आणि नळी तापल्यामुळे ती लवकर सुकते. मग पुलथ्रूच्या दोरीला चिंधी बांधून ती मागून तोंडाकडे ओढायची, आणि शेवटी तेलाची चिंधी फिरवायची. दोरी सरळच ओढावी. तिरकी ओढली तर नळीचे तोंड झिजते आणि नेम बिघडतो. ही दोरी आणि तेलाची बाटली दस्त्यातल्या कप्प्यातच असे.

सर्वांत महत्त्वाचे ते आकडे. बोल्ट प्रत्येक रायफलीला कारागिराने जुळवून बसविलेला असतो आणि दोहोंवर एकच क्रमांक ठोकलेला असतो. क्रमांक जुळत नसतील तर जाणत्या आर्मररने गेज लावून काडतुसामागची मोकळीक तपासल्याशिवाय बार काढू नये. ती मोकळीक जास्त असली तर काडतूस फुटून गरम वायू मागे येतो. धोका तोंडाला आणि डोळ्यांना. अर्थात जो आकडा पुसतो, तो नुसता इतिहास पुसत नाही, सावधगिरीची सूचनाही पुसतो.

या रायफलीचा गौरव करण्यास आम्ही उभे नाही. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत सुटलेल्या १६५० गोळ्या .३०३ च्याच होत्या. ती घडविणारे हात कष्टकऱ्यांचे, आणि तिच्यासमोर उभे राहिलेलेही पुष्कळदा कष्टकरीच. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी. इतकी वर्षे ती टिकली याचे श्रेय कारागिरांचे. तिने काय केले याची जबाबदारी हुकूम देणाऱ्यांची. हे दोन्ही हिशेब वेगळे मांडायचे, तर पुरावा शाबूत हवा. चकचकीत करून भिंतीवर टांगलेली रायफल काहीच सांगत नाही. आकडे, ओरखडे आणि स्क्रू यांसह राखलेली रायफल दोन्ही हिशेब सांगते.

मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा कितीतरी माग भंगारात गेले, आणि त्यांवर राबलेल्या माणसांची खूणही गेली. शस्त्राची खूण हौशी लोक जपतात. कापड विणणाऱ्या यंत्राची जपायला आपल्यापैकी किती पुढे येतील? हा प्रश्न आपल्या स्वाधीन करून आम्ही रजा घेतो.