शेक्सपिअर म्हणणारी बाई
(भाषणाचा मजकूर)



आज एका गोऱ्या बाईविषयी बोलतो. आठ्या घालू नका, आधी ऐका.

बाई ऑस्ट्रेलियातल्या सिडनीची. बी माइल्स. जन्म १९०२. बाप पैसेवाला. पोरगी ऐकेना, तेव्हा १९२३ साली त्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकली. एका वर्तमानपत्राने बोंब मारली म्हणून दोन वर्षांनी सुटली. पुढे घर सुटलं, नंतर छप्परही. १९४० नंतर ती उघड्यावर, रशकटर्स बेजवळच्या कपारीत राहू लागली.

टॅक्सीत बसायची, भाडं द्यायची नाही. मग पोलीस, कोर्ट, कोठडी. लोक हे किस्से हसत सांगतात. मला टॅक्सीवाल्याचंही वाईट वाटतं, तोही पोटासाठीच गाडी हाकतो. पण याच बाईने १९५५ मध्ये टॅक्सीने अख्खा देश ओलांडला, पर्थला जाऊन परत आली, आणि सहाशे पौंड मोजून दिले!

गळ्यात पाटी असायची: शेक्सपिअर म्हणून दाखवीन, दर सहा पेन्सपासून तीन शिलिंगपर्यंत. ही भीक नव्हे, मजुरी. सार्वजनिक ग्रंथालयात वाचत बसायची. तिथंही शेवटी बंदी घातली. १९७३ मध्ये वारली तेव्हा शवपेटीवर रानफुलं होती, जाझवाले वाजवत होते. १९८५ मध्ये केट ग्रेनव्हिलने तिच्यावरून कादंबरी लिहिली.

बाई हिंमतीची, यात वाद नाही. पण तिची भाषा शिकलेल्या घरातली होती, म्हणून तिचा दंगा शहराला गंमत वाटला. त्याच शहरात, मुळात ज्यांची ती जमीन त्या काळ्या माणसांचं काय? तिच्या जन्मसालचाच, १९०२ चा, तिथला भटकेपणाचा कायदा बघा. गोरा माणूस आदिवासींच्या संगतीत राहताना-फिरताना सापडला, आणि आपलं घरदार, कमाई दाखवू शकला नाही, तर गुन्हेगार. म्हणजे काळ्याची सावली कायद्यातच लिहिलेली. आपल्याला हे नवीन नाही.

दिसण्याजोगं उपजीविकेचं साधन नाही, हाही तिथं गुन्हा. साहेब इथून गेला, शब्द ठेवून गेला. १९५९ च्या मुंबईच्या भिक्षाप्रतिबंधक कायद्यात तेच शब्द आले. पुलाखालून उचलून गाडीत कोंबतात त्या आपल्या म्हातारीला शेक्सपिअर येत नाही. तिला भीमाची गाणी येतात. गाडीतही ती म्हणत असते, आणि हवालदार म्हणतो, गप बस गं!