वसईची शेतकरीण: एका पिढीचे स्मरण



येथे, जबलपूरच्या ओमती भागात, वसईचे नाव उच्चारताच मराठी श्रोत्यास प्रथम आठवतो तो किल्ला. 1534 साली तो प्रदेश पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, हे शालेय इतिहासातून सर्वांना ठाऊक असते. परंतु किल्ल्याच्या उत्तरेस, केळीच्या बागांत व भाजीच्या वाड्यांत जो कॅथलिक शेतकरी समाज त्या काळापासून नांदत आला, त्याला शालेय पुस्तकांत क्वचितच जागा मिळते. आणि त्याच्या स्त्रियांना तर मुळीच नाही. या स्त्रियांपैकी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत जन्मलेल्या व नव्वदीच्या घरात जाऊन निवर्तलेल्या शेतकरणीचे आयुष्य कसे होते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. ही शेतकरीण कोणी एक व्यक्ती नसून एक पिढी आहे.

तिचा दिवस पहाटे देवळाच्या घंटेने सुरू होई. चर्चला तेथे देऊळच म्हणत. ख्रिस्तप्रसाद घ्यावयाचा असेल तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घ्यावयाचा नाही, असा त्या काळी नियम होता. 1953 साली पोप बारावे पायस यांनी पाण्यापुरती मोकळीक दिली. तोवर ही स्त्री कोरड्या घशाने शेताच्या बांधावरून चालत मिस्सेला जाई, आणि परतल्यावर मगच चूल पेटवी. दुपारी व तिन्हीसांजेला पुन्हा घंटा वाजे, तेव्हा वाडीतील हात क्षणभर थांबत. घड्याळ नसलेल्या घरात कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ एकाच घंटेने ठरे. त्यामुळे या दोहोंमध्ये भेद करण्याची तिला कधी आवश्यकताच भासली नाही.

काम तर पुष्कळच असे. पावसाळ्यात भाताची लावणी. एरवी केळी, भाजीपाला, फुले. बैल रहाट ओढत आणि विहिरीचे पाणी पाटाने वाफ्यावाफ्यांत जाई. ते वळविण्याचे, खुरपणीचे व तोडणीचे काम बहुधा स्त्रियांकडे असे. राजेळी केळी पिकली म्हणजे ती सोलून उन्हात वाळवून सुकेळी करावयाची, हेही त्यांचेच कसब. 1867 साली विरारहून मुंबईस आगगाडी सुरू झाली, आणि पुढे या वाड्यांचा माल थेट शहराच्या बाजारात जाऊ लागला. लाल लुगडे नेसलेली, डोक्यावर टोपली घेतलेली वसईची भाजीवाली मुंबईकरांच्या ओळखीची झाली. हिशेब ती बोटांवर करी. पण तो चुकत नसे. त्या मिळकतीतून मुलांच्या शाळेचा खर्च चाले.

आता तिच्या धर्मजीवनाकडे वळू. देवळातील मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. शाळेची भाषा मराठी होती. घरात मात्र सामवेदी किंवा वाडवळी बोली बोलली जाई. म्हणजे ज्या भाषेत पुरोहित वेदीपाशी प्रार्थना करी, ती या स्त्रीस कळत नव्हती. आणि ज्या भाषेत ती मुलांना जोजवी, तिच्यात धर्मपुस्तके नव्हती. हे अंतर तिने स्वतः भरून काढले. 1910 साली पोप दहावे पायस यांनी मुलांना समज येताच, म्हणजे साधारण सातव्या वर्षी, प्रथम ख्रिस्तप्रसाद द्यावा असे ठरविले. त्यामुळे त्या वयापूर्वीच मुलाची तयारी होणे आवश्यक झाले, आणि ही तयारी घरी आईच करून घेई. येशूचा जन्म गाईगुरांच्या गोठ्यात झाला, हे सांगण्यास तिला चित्राची गरज नव्हती. गोठा अंगणातच होता. पेरणाऱ्याचा दाखला सांगताना तिला खडकाळ जमीन आणि काटेरी झुडपे शोधावी लागत नसत. शुभवर्तमानातील शेतकऱ्याचे जग तिचे स्वतःचे जग होते. म्हणून असे म्हणावयास हरकत नाही की, वसईच्या कॅथलिक समाजात धर्माचा पहिला अनुवाद या मातांनी केला, आणि तो कोठेही छापला गेला नाही.

रात्री जेवणापूर्वी दिव्यासमोर जपमाळ होई. थकलेली मुले पेंगत, आई त्यांना हलवून जागे करी, आणि स्वतः मणी न मोजता बोटांनी पुढे जात राही. अशा घरांतून पुढे अनेक धर्मगुरू व धर्मभगिनी निघाल्या. वसईच्या शेतकरी समाजातून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबलचे सुबोध मराठीत भाषांतर केले आणि 2020 साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. घरच्या बोलीतून ग्रंथाच्या मराठीपर्यंतचा हा प्रवास एका पिढीत झाला.

तिच्या दीर्घ आयुष्यात चर्चही बदलले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली लोकभाषेतील उपासनेस वाट मोकळी करून दिली, आणि चाळिशी ओलांडलेल्या या स्त्रीने मिस्सा प्रथमच मराठीत ऐकली. 2002 साली जपमाळेच्या पंधरा रहस्यांत आणखी पाचांची भर पडली. ती तिने उतारवयात पाठ केली. हे बदल तिने सहज स्वीकारले.

जो बदल तिला स्वीकारता आला नाही, तो पाण्याचा होता. रहाट जाऊन इंजिने आली, उपसा वाढला. 1980 च्या दशकात विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. समुद्राजवळच्या विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. वाड्यांच्या जागी इमारती उठू लागल्या. त्याविरुद्ध हरित वसईचे आंदोलन उभे राहिले आणि त्यात स्त्रियाही उतरल्या. काही भाग वाचला, पुष्कळसा गेला. 2009 साली तेथे महानगरपालिका आली.

तिची नातवंडे आज कार्यालयांत, रुग्णालयांत, परदेशांतही आहेत. जपमाळ त्यांना येते. बोली थोडी येते. पाट वळविणे येत नाही. यात त्यांचा दोष नाही. त्यांनी शिकावे म्हणूनच तिने टोपली वाहिली होती. परंतु पेरणाऱ्याचा दाखला आता त्यांच्या मुलांना कोणी सांगितला, तर जमीन म्हणजे काय, हे आधी समजावून द्यावे लागेल. ते समजावून देणारी आजी आता घरात नाही. जी थोडी वृद्ध मंडळी उरली आहेत, त्यांच्या तोंडून ती बोली, त्या प्रार्थना आणि वाफ्यांचे ते ज्ञान लिहून घेणे, हेच तिचे खरे स्मरण होय.